जास्वंद आणि रेडिएटर

आमच्या घरात दोन खाती आहेत. गाडीच्या बॉनेटखाली जे काही आहे ते ह्यांचं, आणि ओट्यापासून देवघरापर्यंत व तिथून पुढे अंगणातल्या झाडांपर्यंत जे काही आहे ते माझं. ही वाटणी कुणी बसून ठरवली नाही. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, हे कधी देवापुढे उदबत्ती लावायला वळले नाहीत आणि मी कधी बॉनेटला हात लावला नाही. ते उघडतं कुठून, हेही मला सांगता येणार नाही. आमच्या गाडीच्या पंख्यातला बिघाड उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत कुणालाच सापडला नाही तो या वाटणीमुळेच, असं माझं ठाम मत आहे. ह्यांचं मत वेगळं आहे, पण लिहायला मी बसलेय.

गाडी ह्यांची, आमच्या लग्नाच्या आधीपासूनची. गोल दिवे, पुढे चकचकीत जाळी, गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच. रंग मूळचा दुधी होता, आता चहात बुडवलेल्या टोस्टचा झालाय. रस्त्यात लोक थांबून फोटो काढतात तेव्हा हे पोट आत घेऊन शेजारी उभे राहतात. फोटो गाडीचा चाललाय हे सांगून उपयोग नसतो. मी डावीकडे बसते आणि माझ्या बाजूची काच अर्ध्याच्या खाली येत नाही. वर्षानुवर्षं येत नाही. ज्या माणसाने अख्खं इंजिन उतरवून परत बसवलं, त्याला बायकोच्या बाजूची एक काच दुरुस्त करता येऊ नये, हे मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. हे निमूट ऐकून घेतात आणि चष्मा पुसत बसतात.

मूळच्या गाडीत रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. हे निवृत्त झाले आणि पहिलं काम काय केलं असेल, तर तो पंखा काढून तिथे विजेचा बसवला. विजेचा पंखा म्हणे शहाणा असतो. पाणी तापलं की आपणहून सुरू होतो, निवलं की बंद. "गरजेपुरतंच बोलतो," असं म्हणून ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मला अंगणात नेऊन प्रात्यक्षिक दाखवलं. गाडीच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरला, पंखा सुरू झाला आणि कागद जाळीला जाऊन चिकटला. "बघ, बाहेरची हवा अशी आत ओढतो. रेडिएटरमधून वारा गेला की पाणी थंड." मी मान डोलावली. तो कागद त्या दिवशीचा होता आणि माझं शब्दकोडं त्याच्यावर होतं, हेच मला तेव्हा जास्त महत्त्वाचं वाटलं.

तो पंखा काही वर्षं गुण्यागोविंदाने चालला. यंदाच्या उन्हाळ्यात एका लग्नाला निघालो होतो. मागे पुण्याहून आलेला मुलगा आणि सूनबाई, तिच्या अंगावर पैठणी. द्वारका चौकातल्या गर्दीत गाडी अडकली, टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला, आणि बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. पंखा सुरूच झाला नव्हता. सूनबाई शहाणी, ती पत्रिकेने वारा घेत राहिली. मुलगा मात्र उतरला, रिक्षा थांबवली आणि म्हणाला, "बाबा, आता पुरे करा. ही गाडी रस्त्यावर आणायच्या लायकीची राहिलेली नाही." आम्ही रिक्षातून गेलो, अक्षता चुकल्या, पंगत तेवढी सापडली. हे आलेच नाहीत. गाडी थंड होईपर्यंत चौकात उभे राहिले आणि जेवायला घरी आले तेव्हा दुपार टळून गेली होती.

त्याच आठवड्यात गाडी विकायचा विषय निघाला, आणि तो मीच काढला. देवळ्याचा एक कांद्याचा व्यापारी आहे, जुन्या गाड्यांचा भारी शौकीन. कुठल्याशा कार्यक्रमात त्याने आमची गाडी पाहिली होती आणि "विकायची झाली तर आधी मला सांगा" असं म्हणून ठेवलं होतं. त्याचा नंबर माझ्याकडे होता. ह्यांनी घेतलाच नव्हता. मला ती गाडी नकोच होती. तिच्या जागेवर मला झोपाळा टाकायचा होता आणि वर जाईचा मांडव. संध्याकाळी झोपाळ्यावर बसून चहा प्यायचा, एवढी माझी महत्त्वाकांक्षा. आणि त्या महत्त्वाकांक्षेच्या आड एक भलंमोठं लोखंड उभं होतं.

ह्यांना त्या गाडीचं काय होतं, हे मला कळत नव्हतं असं मात्र नाही. कारखान्यात असताना ह्यांचा फोन जेवणाच्या ताटावरही वाजायचा. निवृत्तीनंतर तो फक्त मुलाचा नाहीतर कर्ज हवंय का विचारणाऱ्यांचा यायला लागला. अशा माणसाला रोज सकाळी उठून जायला एक ठिकाण होतं, तेही दारातच. ते मला समजत होतं आणि तरीही झोपाळा हवा होता.

शेवटी मुलासमोर मी अट घातली. "वणीच्या देवीच्या गडावर नेऊन दाखवा. नांदुरीपासून वरपर्यंत, न उकळता. चढली तर मी जन्मात विकायचं नाव काढणार नाही. नाही चढली तर गाडी देवळ्याला."

"मंजूर," हे म्हणाले आणि त्याच पावली वीज तपासायचा मीटर घेऊन बॉनेटमध्ये शिरले.

मग सुरू झालं संशोधन. आधी फ्यूज पाहिला, तो शाबूत. मग रिले. तो टक् टक् आवाज करत होता, म्हणजे तोही निर्दोष. मग पाळी आली थर्मो स्विचची. पाणी तापलं की पंख्याला हुकूम सोडायचा, हे त्याचं काम. दिसायला एवढंसं पितळी बोंड. ते खरंच हुकूम सोडतं की नाही हे बघायचं, तर त्याला उकळत्या पाण्यात धरून मीटर लावावा लागतो. उकळतं पाणी कुठे मिळतं, हे घरातल्या कुठल्याही पुरुषाला माहीत असतं. मी भाजी घेऊन आले तर माझ्या दुधाच्या पातेल्यात ते बोंड तारेला लोंबकळत होतं, मीटर पीं करून ओरडत होता आणि हे डोळे मिटून समाधानाने ऐकत होते. "स्विच एकदम ठणठणीत!" ह्यांनी मला बातमी दिली. पातेलं मी तिथल्या तिथे गाडीच्या खात्यात वर्ग करून टाकलं.

मग अर्थिंगची तार सुटी करून पॉलिश पेपरने घासली. तरी पंखा ढिम्म. शेवटी बॅटरीवरून दोन तारा थेट पंख्याला जोडल्या तेव्हा तो नुसता कण्हला. मोटरच गेली होती. त्या मापाची मोटर आता मिळते कुठे? जुन्या पार्टच्या दुकानांतून हे दोन-चार दिवस हिंडले आणि दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची, पण मापात बसणारी मोटर घेऊन आले. तिच्यातून एक काळी आणि एक निळी तार बाहेर आलेली. गाडीतल्या तारा काळी आणि लाल. काळीला काळी जोडली, उरलेल्या दोघींचं एकमेकींशी जुळवून दिलं, आणि पंखा असा फिरला की हे अंगणातून ओरडले, "अगं ये, ऐक आवाज!" मी खिडकीतूनच ऐकला. पंख्यासारखा आवाज होता.

त्यानंतर रोज सकाळी चहा झाला की हे गाडी सुरू करून अर्धा-पाऊण तास तशीच उभी ठेवायचे आणि आत बसून काट्याकडे बघत राहायचे. गाडी उभी असायची कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून, कारण रस्त्याकडे तोंड केलं की येणारे-जाणारे दिव्यांना हात लावतात. पंखा वेळेवर सुरू व्हायचा, काटा मधोमध. ह्यांनी मुलाला त्या काट्याचा फोटो पाठवला. मुलाने अंगठा दाखवला.

त्याच दिवसांत माझ्या खात्यात एक वेगळीच अडचण उभी राहिली. भिंतीलगत माझी लाल जास्वंद आहे, रोज परडीभर फुलं देणारी. तिची अर्धी पानं करपायला लागली. गंमत म्हणजे एकाच बाजूची. मी माती बदलली, कडुनिंबाचं तेल फवारलं, पाणी कमी करून पाहिलं, जास्त करून पाहिलं. ह्यांना दाखवलं, तर गाडीतून मान बाहेर न काढता म्हणाले, "पोटॅश घाल." इंजिन सुरूच होतं. मी पोटॅश घातलं.

श्रावणात आम्ही गडाला निघालो. देवीची ओटी माझ्या मांडीवर, पाण्याचा मोठा कॅन डिकीत. दिंडोरी जाईपर्यंत हे शीळ घालत होते. दिंडोरी सोडली, दोन्हीकडे द्राक्षबागा लागल्या आणि शीळ थांबली. मी काट्याकडे बघितलं नाही, ह्यांच्याकडे बघितलं की काटा कळतो. वणीच्या अलीकडेच गाडी बाजूला घ्यावी लागली. घाट तर अजून दिसलाही नव्हता. वाफ निवेपर्यंत आम्ही एका बागेच्या बांधावर बसलो आणि देवीला दाखवायचे पेढे दोघांनी मिळून संपवले.

"दारात उभी असते तेव्हा गरीब गाय, आणि बाहेर पडली की तापते," मी म्हटलं. "तुमच्या अगदी उलट."

एरवी यावर हे काहीतरी तिखट बोलले असते. त्या दिवशी नुसतं "हो" म्हणाले. ते "हो" मला अजिबात आवडलं नाही.

त्यानंतर ह्यांनी आणखी पंधरवडाभर झुंज दिली. रेडिएटर उतरवून धुतला, होज पाइप बदलले, फ्यूजपासून पुन्हा सगळं तपासलं. प्रत्येक गोष्ट बरोबर निघायची आणि प्रत्येक वेळी गाडी रस्त्यावर गेली की तापायची. एके दिवशी मीटर कपाटात ठेवला, हात धुतले आणि म्हणाले, "देवळ्याला कळव. दसऱ्याला पूजा करू, दुसऱ्या दिवशी घेऊन जाऊ दे."

मी जिंकले. आणि जिंकल्याचं बक्षीस म्हणून हे माझ्या स्वयंपाकघरात आले.

आता गाडीकडे जायचं कारण उरलं नव्हतं, तेव्हा ह्यांनी माझ्या घरातले बिघाड शोधायला घेतले. कुकरच्या तीनच शिट्ट्या का? डाळीचे डबे उंचीप्रमाणे का नाहीत? मिक्सर सुरू करताना झाकण दाबून का धरतेस? एकदा फोडणीच्या वेळी माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं, "मोहरी तडतडली हे तू आवाजावरून ठरवतेस की वासावरून?" मी म्हटलं, "नवऱ्याच्या तोंडावर उडाली की ठरवते." तरी गेले नाहीत. स्टूल ओढून बसून राहिले. मग मात्र माझ्या लक्षात यायला लागलं की झोपाळ्यावर संध्याकाळी मी एकटी बसणार नाहीये. शेजारी हा उदास माणूस असणार आहे, आणि तो झोपाळ्याच्या कड्या का कुरकुरतात ते शोधत असणार आहे.

दसरा उजाडला. ह्यांनी गाडी धुतली, पुसली, आणि उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच तिचं तोंड वळवून गेटकडे केलं, कारण पूजा करायची तर समोरून करायला हवी. मी ताट घेऊन आले. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, जाळीवर झेंडू आणि आंब्याच्या पानांचा हार बांधला, चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबांवरून गाडी न्यायची म्हणून हे आत बसून राहिले होते, इंजिन सुरू ठेवून. बंद केली तर ऐन वेळी सुरू व्हायला नखरे करते.

मी निरांजन ओवाळायला पुढे केलं आणि ते विझलं. पुन्हा लावलं. ज्योत माझ्या बाजूला वाकली आणि पुन्हा विझली. मनात पाल चुकचुकली. पूजेत निरांजन विझणं बरं नाही. वारा म्हणावा तर गेटवरच्या तोरणाचं पान हलत नव्हतं. मी उदबत्ती पुढे धरली. सगळा धूर माझ्या डोळ्यांत. डोळे चोळत बघितलं तर हारातली आंब्याची पानं जाळीपासून सुटून माझ्या दिशेने फडफडत होती, आणि ओल्या हाताला गरम हवा लागत होती, कुकरचं झाकण काढल्यावर लागते तशी.

त्या क्षणी मला एकदम दोन गोष्टी आठवल्या. जाळीला जाऊन चिकटलेला माझ्या शब्दकोड्याचा कागद. आणि गाडीच्या बाजूने करपलेली जास्वंद, जिच्यासमोर ही जाळी रोज सकाळी अर्धा-पाऊण तास उभी असायची.

पंखा हवा आत ओढत नव्हता. बाहेर फेकत होता. तो उलटा फिरत होता.

"झालं का?" ह्यांनी आतून विचारलं.

"झालं," मी म्हटलं. नारळ फोडला, बाजूला झाले. गाडी लिंबांवरून गेली. मी ताट घेऊन आत आले आणि पुऱ्यांची कणीक तिंबायला घेतली.

गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं. पूजा झाली होती, व्यापारी उद्या यायचा होता, झोपाळा मी दुकानात जाऊन पाहून आले होते. गाडी देवळ्याला गेली असती, तिथे कुणी तरी दोन तारा बदलल्या असत्या, आणि ह्यांना कधी कळलंही नसतं. मी पुऱ्या लाटत होते आणि स्वतःला सांगत होते की गाडी माझं खातं नाही.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला. फोनवर होते, त्या व्यापाऱ्याशीच. गाडीच्या सवयी समजावून सांगत होते. चोक पूर्ण ओढू नका. रिव्हर्स टाकताना आधी क्लच दोनदा दाबा. पावसात डावा वायपर हाताने ढकलावा लागतो.

"आणि डावीकडची काच अर्ध्यावर अडते," हे म्हणाले. "ती बिघडलेली नाही. दाराच्या आत मी लाकडाचा ठोकळा बसवलाय. आमच्या घरच्यांच्या कानाचं ऑपरेशन झालं होतं मागे, कानाला वारा सोसत नाही. आणि काच खाली घेतल्याशिवाय बसवत नाही तिला. तुम्हाला नको असेल तर काढून टाका. दोन स्क्रू आहेत."

कढईतली पुरी काळी होईपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले. माझं कानाचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलगा शाळेतही जात नव्हता. तेव्हापासून मी त्या काचेवरून ह्यांची थट्टा करत आले होते, पाहुण्यांसमोर, माहेरच्यांसमोर, सुनेसमोर. आणि हा माणूस चष्मा पुसत बसत होता. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. गॅस बंद केला आणि बाहेर गेले.

"अहो," मी म्हटलं, "तुमचा पंखा उलटा फिरतोय."

ह्यांनी फोन ठेवला. "काय?"

"आत ओढायच्या ऐवजी बाहेर फेकतोय."

"तुला कसं कळलं? तू बॉनेट उघडलंस?"

"नाही. पूजा केली."

ह्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, अंगणात गेले, गाडी सुरू केली, काटा चढायची वाट बघितली आणि पंखा लागल्यावर जाळीसमोर कागद धरला. कागद उडाला आणि ह्यांच्याच छातीवर येऊन बसला. तो तसाच छातीवर धरून हे गेटच्या कठड्यावर बसले आणि हसायला लागले, असे की शेजारच्या वहिनी गच्चीतून डोकावल्या.

हसण्यासारखंच होतं. हा माणूस अख्खी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होता. नवी मोटर बसवली की आधी ती सुलटी फिरते की उलटी ते बघायचं, मगच मशीनला जोडायची, हे ह्यांनी तिथे येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला घोकून घेतलं होतं. आणि घरी काळीला काळी जोडून मोकळे झाले. त्या दुसऱ्या गाडीच्या मोटरमध्ये काळी तार नेमकी पॉझिटिव्ह निघाली. दारात उभ्या गाडीची गरम हवा पंखा पुढे फेकायचा, पाणी कसंबसं निवायचं आणि जास्वंद भाजायची. रस्त्यावर मात्र समोरून वारा आत यायला बघायचा आणि पंखा त्याला बाहेर ढकलायचा. दोघांच्या भांडणात रेडिएटर मधल्या मध्ये तापायचा. बॉनेट उघडून वरून बघितलं तर पंखा फिरताना दिसतोच. कुठल्या दिशेने वारा येतोय हे कळायला समोर उभं राहावं लागतं, आणि समोर भिंत होती.

दोन तारांची अदलाबदल करायला ह्यांना जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ श्रीखंडाला उशीर झाल्याबद्दल माझी समजूत काढायला लागला. व्यापाऱ्याला मीच फोन करून कोजागिरी उलटेपर्यंत थांबायला सांगितलं. अट म्हणजे अट. गाडी अजून गडावर चढायची होती.

गडावरची कोजागिरीची गर्दी ओसरल्यावर आम्ही निघालो. दिंडोरी रोडला बागांमधून छाटणीची कामं चालली होती. ह्यांनी शीळ घातली नाही. वणी मागे पडली. नांदुरीला घाट लागला आणि ह्यांनी दुसरा गिअर टाकला. प्रत्येक वळणावर माझे पाय आपोआप ब्रेक शोधत होते. काटा मधोमध होता. मध्येच पंखा सुरू झाल्याचा आवाज आला, काटा जरासा खाली सरकला, आणि ह्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या गुडघ्यावर एक थाप मारली. असल्या गोष्टी हे चारचौघांत काय, एकांतातही करत नाहीत.

वर पोचल्यावर गाडी लावली आणि सवयीने बॉनेट उघडलं. वाफ नाही, गळती नाही, काही नाही. करण्यासारखं काहीच नसल्यामुळे ह्यांचा चेहरा जरा पडलाच.

"तुला गाडी नको होती ना?" बॉनेट लावता लावता हे म्हणाले. "मग सांगितलंस कशाला?"

"धूर डोळ्यांत गेला म्हणून." मग मी विचारलं, "आणि त्या ठोकळ्याचं मला कधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू काढायला लावला असतास."

हे खरं होतं, म्हणून मी ओटीचं ताट घेऊन पायऱ्यांकडे वळले.

घरी आल्यावर देवळ्याला फोन करायचं काम माझ्याकडे आलं, कारण नंबर माझ्याकडे होता. हे समोर वर्तमानपत्र धरून बसले, पण पान उलटत नव्हते. चढली म्हणून सांगितलं तर त्या माणसाला गाडी जास्तच हवीशी वाटेल, असा मी सोयीस्कर विचार केला.

"घाट काही चढली नाही हो," मी म्हटलं. "फार तापते."

समोरचं वर्तमानपत्र खाली आलं. एवढं खोटं आरोपपत्र आपल्या गाडीवर ह्यांनी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"तापू द्या ना वहिनी," पलीकडून आवाज आला. "आपल्याकडं लय भारी मिस्त्री हाय. मी उद्याच येतो."

"रंगही पार गेलाय तिचा."

"रंगाचं काय, मारून घेऊ."

"आणि डावीकडची काच खाली येत नाही."

"त्ये साहेबांनी सांगितलंय. ठोकळा हाय आत. दोन स्क्रू खोलले का झालं, टाकू काढून."

"नाही, तो काढायचा नाही," माझ्या तोंडून गेलं. आणि मग पुढचंही सांगावंच लागलं. "गाडी द्यायची नाहीये आम्हाला."

तो बिचारा समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब नाय म्हणतायत का?"

आजवर मला जे जे नको होतं, त्या सगळ्याला मी हेच उत्तर देत आले. भिशी असो, सहल असो, कुणाच्या घरची पूजा असो, "हे नको म्हणतायत" म्हटलं की सुटका. आता तर तो माणूस ते उत्तर आयतंच माझ्या हातात देत होता. मी ह्यांच्याकडे बघितलं.

"नाही हो. साहेब शब्दाचे पक्के आहेत, ते नेऊ देतील," मी म्हटलं. "मलाच द्यायची नाहीये."

फोन ठेवला तेव्हा हे खोलीत नव्हते. खिडकीतून बघितलं तर डिकीतला पाण्याचा कॅन बाहेर काढला होता. घाटासाठी नेलेला, वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच भरलेला परत आलेला. तो उचलून हे भिंतीपाशी गेले आणि सगळं पाणी हळूहळू जास्वंदीच्या मुळाशी ओतलं.

"आता पोटॅश घालत बसू नकोस," हे तिथूनच म्हणाले. "आपोआप बरी होईल ती."

माझ्या खात्यात एवढी ढवळाढवळ मी एरवी कुणाची खपवून घेतली नसती.